वारं नसलेल्या मुलखात

ही वही कोणाच्या हाती पडली तर आधी माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं आहे. ऱ्हस्व-दीर्घ तेव्हाही नीट समजलं नाही आणि आता तर शाळा सुटून चौदा वर्षं झाली. अक्षरही वाईट आहे. टाक धरायची सवय गेली, त्यामुळे ओळ सुरू होते एकीकडे आणि उतरते भलतीकडे. वाचणाराने सांभाळून घ्यावं.

मी चैत्रात गोंदियाला जाऊन आले. आमचं गाव चिचगडच्याही पलीकडे जंगलात आहे. इथल्या बायांपैकी रेलगाडीत बसलेली मी एकटीच. त्या विचारतात, पण चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की माझी जीभ आत जाते. म्हणून लिहून ठेवते. आणखी एक कारण आहे. माझी मुलगी गिरजा या प्रवासात माझ्यासोबत होती, पण तिला त्यातलं काहीच ऐकू आलं नाही. ती सात वर्षांची आहे. पुढे वाचायला शिकली तर आपण कुठं गेलो होतो ते तिला कळावं.

निघण्याआधी

गिरजा पाचची होईपर्यंत चिमणीसारखी बोलायची. मग गोवर निघाला. त्याच साथीत तिचे वडील तापाने गेले. गोवर बरा झाला, पण तिचे कान वाहायला लागले आणि हाक मारली तर ती बघेनाशी झाली. भासऱ्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या भावाने, झाडफूक करणारा जाणता बोलावला. तो तिच्या कानाशी नाक नेऊन म्हणाला, "कानात वारं शिरलं. आता आनखी वारं लागू देऊ नोका."

तेव्हापासून मी तिला वारं लागू दिलं नाही. कानात कापूस कोंबायचा, वरून जुन्या लुगड्याचा धडपा बांधायचा, रोज. मागच्या खोलीचा झरोका मी स्वतः गवत आणि शेणमाती लावून बुजवला. त्या खोलीत आम्ही दोघी राहत होतो. ती बोलत नव्हती आणि मला बोलायला दुसरं कोणी नव्हतं. सुरुवातीला मी तिच्याशी बोलत राहायचे. मग हळूहळू माझंही बोलणं थांबलं. कधी कधी दिवस बुडताना लक्षात यायचं, की आज सकाळपासून आपण एक शब्दही बोललो नाही.

दोन वर्षांनी तिच्या कानाला वास यायला लागला. गोंदियाला माझी मावसबहीण अनसूया राहते. तिथल्या दवाखान्यात कानाची डाक्टरीण आहे, असा तिचा निरोप आला. मी दाराआडून भासऱ्यांना विचारलं.

"रेलमंदी बसल्यानं वारं निघते काय?" ते म्हणाले. "उलट रेलचं वारं लागन पोरीले. काई जावाचं नाई."

शेजारच्या धुरपता काकूंनी ते भिंतीपलीकडून ऐकलं. दुपारी त्यांनी मला बोलावलं आणि तांदळाच्या कोठीतून एक गाडगं काढलं. काकू पैसे मोजत नाहीत, वाजवतात. एकेक रुपया पाट्याच्या दगडावर आपटून त्याचा खण्ण आवाज ऐकायचा आणि मग बाजूला ठेवायचा. असे सात रुपये त्यांनी वाजवले.

"वाजवून देऊन राहिलो," त्या म्हणाल्या, "अन् वाजवूनच घेईन. बद्द वाजला तं तुह्या तोंडावर मारीन. जाय आता. भासऱ्याले मी पाहून घेतो."

गिरजा पाट्याजवळच बसली होती. सात वेळा रुपया तिच्या कानाशी वाजला. तिची पापणीसुद्धा हलली नाही.

आमगावपर्यंत

सोनबा गाडीवान आमगावला मीठ आणायला जात होता. त्याच्या बंडीत पहाटे बसलो. रस्ताभर मोहाची फुलं गळत होती, वास इतका गोड की डोकं जड व्हावं. सोनबा म्हातारा, पण तोंड थांबत नाही. तो बैलांशी बोलायचा, झाडांशी बोलायचा आणि गिरजाशीही बोलायचा.

"पोरी, अस्वल पाहिलं काय तू? मोहफूल खाऊन झुलते. मह्या सासऱ्यावानी."

गिरजा समोर बघत राहिली.

"कायले रुसली वो?" मग त्याच्या लक्षात आलं. "अरे हो. इसरलोच." अर्ध्या कोसावर पुन्हा विसरला आणि तिला वाघाची गोष्ट सांगायला लागला. मला बरं वाटलं. दोन वर्षांत तिच्याशी इतकं कोणी बोललंच नव्हतं.

देवरीला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर जवसाची चटणी आणि भाकर बंडीतच खाल्ली. वारा सुटला की मी गिरजाला पदराखाली घ्यायचे. तिला घाम यायचा, ती सुटायला धडपडायची, पण मी सोडत नव्हते.

आमगावच्या फलाटावर गाडीची वाट पाहत बसलो. एकाएकी गिरजा उठली आणि पायाखालच्या जमिनीकडे बोट दाखवून नाचायला लागली. मला वाटलं विंचू असेल. तिला उचलून घेतलं तर ती रडायला लागली, पुन्हा पाय खाली टेकवायला बघू लागली. थोड्या वेळाने दूर शिट्टी ऐकू आली. फलाटावर एवढी माणसं होती, सगळ्यांचे कान शाबूत, पण गाडी आली हे आधी गिरजाला कळलं होतं. तेव्हा मी त्याचा फार विचार केला नाही.

गोंदिया

गोंदिया स्टेशनवर उतरताना गिरजाचा हात सुटला. गर्दी एवढी की आमच्या मंडईच्या जत्रेलाही नसते. ज्यांचं लेकरू हरवतं ते हाक मारतात. मी कोणत्या नावाने हाक मारणार? तरी मारली. आयुष्यात पहिल्यांदा परक्या पुरुषांमध्ये उभी राहून ओरडले, "गिरजे! गिरजे!" ओरडताना मला ठाऊक होतं की ही हाक गावभर ऐकू जाईल, फक्त तिलाच जाणार नाही. एवढं एकटं मला नवरा गेला त्या दिवशीही वाटलं नव्हतं. माणसं बघत होती. कोणी हिंदीत विचारत होतं, "क्या हुआ बाई?"

ती स्टेशनबाहेर हलवायाच्या कढईसमोर सापडली. जिलबी तेलात पडून फुगते ते बघत होती. आपण हरवलो होतो हे तिला माहीतही नव्हतं. हलवाई म्हणाला, "बच्ची को जलेबी दो माई, कब से देख रही है." मी अर्ध्या आण्याची घेतली. दोघींनी खाल्ली.

गोंदियाला जिकडेतिकडे बिडीचा धंदा. आमच्याकडे बाया उंबऱ्यावर बसून निवडण-टिपण करतात, तिथं सूप मांडीवर घेऊन पानं कापतात, जर्दा भरतात, बोटाने मिटवतात आणि मान वर न करता भांडतातही. गल्लीला तंबाखूचा वास असतो. माणसं मराठीत वाक्य सुरू करतात आणि हिंदीत संपवतात. पाणी नळाचं, त्याला चवच नाही. माझी बहीण मात्र होती तशीच. तिचा नवरा शाळेत चपराशी आहे. शाळेच्याच मागे त्यांना खोली आहे.

पहिल्या दिवशी दवाखान्यात कंपौंडरने चिमट्याने गिरजाच्या कानातून कापूस काढला. निघतच होता. तळचा काळा झाला होता. "ये रुई है कि गोदाम?" तो म्हणाला. डाक्टरीणबाई वयस्कर होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी पिचकारीने कान धुतले. गिरजा ओरडली, मी तिचं डोकं धरून होते. बाई म्हणाल्या, "चार दिवस रोज आणा. कान उघडे ठेवायचे. काही कोंबायचं नाही, बांधायचं नाही."

मी मान हलवली. पण संध्याकाळी गरम वारा सुटला, गल्लीतली धूळ उडायला लागली आणि मला भासऱ्यांचा आवाज ऐकू यायला लागला. मी ट्रंकेतून कापूस काढला आणि पुन्हा दोन्ही कान भरले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तो बघितला. त्या रागावल्या नाहीत, हेच जास्त वाईट वाटलं. हात धुतले आणि म्हणाल्या, "तुम्हाला मूल बरं करायचं आहे की नाही? उद्या कापूस दिसला तर मी हात लावणार नाही. दुसऱ्यांची मुलं बाहेर बसली आहेत."

परत येताना रस्त्यात मला काही सुचत नव्हतं. बाई म्हणतात उघडे ठेवा, घरचे म्हणतात वारं लागलं तर पोर जाईल. नवरा गेला तेव्हाही जाणता वारंच म्हणाला होता. मला कोणाला विचारावं कळेना. मी गिरजाच्या डोक्याला धडपा बांधूनच तिला परत आणलं.

काचेचं भांडं

तो शनिवार होता. अनसूया म्हणाली, "चाल, तुह्या मनाले बरं वाटन. आज शाळेत मास्तर चंद्राचं सांगणार हाय. तुहे भाऊजी हवा काढते."

"हवा काढते म्हणजे?"

"मले नाई समजत वो. पंप मारते अन् छाती फुगवून फिरते."

आम्ही वर्गाच्या मागच्या दाराशी, पोरांच्या पाठीमागे, जमिनीवर बसलो. शास्त्राचे मास्तर काटकुळे होते, कोटाच्या बाहीला खडू लागलेला. टेबलावर घंटेसारखं मोठं काचेचं भांडं उपडं ठेवलं होतं. त्याच्या आत दोऱ्याने टांगलेली लहानशी विजेची घंटा. मास्तरांनी तार जोडली आणि घंटा वाजायला लागली, टर्रर्र. गिरजा पुढे सरकली. तिला घंटेवर आपटणारी हातोडी दिसत होती, थरथर हलणारी.

"आता हवा काढा," मास्तर म्हणाले. आमचे भाऊजी बाह्या सारून पंप मारायला लागले. घंटेचा आवाज बारीक झाला. आणखी बारीक झाला. जणू कोणी ती घंटा उचलून पार रेल्वेपुलापलीकडे नेत होतं. मग आवाज गेला. हातोडी मात्र तशीच आपटत होती. सगळी पोरं मान पुढे काढून गप्प झाली. मी कानावरचा पदर मागे केला. काही नाही.

गिरजाने आधी घंटेकडे बघितलं, मग सगळ्यांच्या तोंडाकडे. तिला काही बदललेलं दिसलं नव्हतं. मघाशी हातोडी हलत होती, आताही हलत होती. मग ही सगळी एवढी चकित का झाली, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. त्या एका घटकेला आम्ही सगळे, मास्तर, पोरं, भाऊजी आणि मी, ती दोन वर्षं जिथं राहते तिथं जाऊन बसलो होतो. आणि तिला ते माहीतही नव्हतं.

मास्तर मग सांगायला लागले. आपली पृथ्वी आहे तसाच एखादा ग्रह असला आणि त्याच्याभोवती हवाच नसली तर काय होईल? चंद्र तसाच आहे, म्हणाले. तिथं आकाश निळं नाही. भर दुपारी सूर्य डोक्यावर आणि आकाश काळं, सूर्याच्या बाजूलाच चांदण्या. पहाट नाही, सांज नाही. उजेड आहे तोवर आहे आणि सूर्य गेला की एकदम काळोख, दिवा फुंकल्यासारखा. उन्हात दगड तव्यासारखा तापतो आणि त्याच दगडाच्या सावलीत असा गारठा की आपण कधी पाहिला नाही. उघड्यावर पाणी टिकणार नाही. आपल्याकडचे एवढे तलाव, एवढ्या बोड्या, त्यातलं पाणी उकळून विरून जाईल आणि पाऊस पडायला ढगच नसेल. विस्तव पेटणार नाही. फुलाला वास येणार नाही, कारण वास नाकापर्यंत आणणार कोण? कोणी चालून गेलं तर त्याचं पाऊल लाखो वर्षं तसंच राहील, बुजवायला वारा नाही.

एका पोराने विचारलं, "मास्तर, पीस अन् दगड संगच पडन?"

"संगच पडेल."

मी अनसूयाच्या कानात म्हटलं, "मग तिथं धान उपणता येणार नाही. कोंढा आणि दाणा एकाच ढिगात पडेल." एवढंच मला त्यातलं नीट समजलं होतं. खळ्यावर मी दरसाल उपणते. वारं पडलं की सूप हातात धरून वाट बघत उभी राहते.

अनसूया कसली गप्प बसते! ती मोठ्याने म्हणाली, "मास्तर, मही बहीण म्हनते तिथं धान उपणता नाई येणार!"

पोरं हसली. माझं तोंड पेटलं. पण मास्तर हसले नाहीत. "बरोबर आहे. या बाई म्हणतात ते तुमच्यापैकी एकानेही सांगितलं नाही. आणखी काय वाटतं, बाई?"

मी जमिनीकडे बघत होते. दुसऱ्या कोणत्याही दिवशी मी उठून गेले असते. पण मला त्याच वेळी जे विचारायचं होतं ते दुसऱ्या कोणाला विचारता आलं नसतं. मी म्हटलं, "तिथं मग कोणाच्या कानात वारं शिरत नसेल."

या वेळी पोरं फारच हसली. भाऊजींनी डोळे वटारले तेव्हा थांबली. मास्तर जवळ आले. त्यांनी गिरजाच्या डोक्याचा धडपा बघितला आणि बहुतेक सगळं ओळखलं.

"बाई," ते हळू म्हणाले, "वारं पडलं, पान हलत नाही, तेव्हा तुमच्या खळ्यावर काय असतं?"

"काही नसतं."

"हवा असते. वारं म्हणजे चालणारी हवा. चालत नसली तरी ती असतेच, या खोलीत आहे, तुमच्या नाकात आहे, कानातही आहे. घंटा हलते, ती हवेला हलवते, हवा कानाच्या पडद्याला हलवते. तेव्हा ऐकू येतं. कानात वारं शिरल्याने ऐकणं जात नाही, बाई. शिरतं म्हणूनच ऐकू येतं."

त्यांनी भांड्याची तोटी फिरवली. फुस्स करून हवा आत गेली आणि घंटा पुन्हा वाजायला लागली, आधी लांबून, मग जवळून, मग टर्रर्र.

आमच्या बोलीत हवा म्हणजे वारंच. जे अंगाला लागतं ते वारं, लागत नाही तेव्हा काही नाही. या एका शब्दापायी मी माझ्या पोरीभोवती दोन वर्षं पंप मारत होते. झरोका बुजवला, कान बुजवले, धडपा बांधला. चंद्रावर जायला लोकांना वाट नाही म्हणतात. मी तो घरातच केला होता.

तिथं बसल्या बसल्या मी धडपा सोडला. गाठ सुटेना तेव्हा दातांनी सोडली. वर्गात वरच्या खिडकीतून वारा येत होता. गिरजाचे केस हलले. तिने दोन्ही हात कानांवर नेले आणि वारा लागतोय हे कळून ती हसली.

निघताना मी मास्तरांना फलाटावरची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "हो, जमिनीतून आवाज चालतो. त्या ग्रहावरही माणसाला एकमेकांशी बोलायचं झालं तर दगडाला डोकं टेकून बोलता येईल." मग गिरजाचा हात घेऊन त्यांनी टेबलाच्या फळीवर ठेवला आणि खालून बोटाने टकटक केलं. तिने माझ्याकडे बघितलं. मग तिनेही टकटक केलं.

परत

शेवटच्या दिवशी डाक्टरीणबाई म्हणाल्या, "डावा कान गेला. तो येणार नाही. उजव्याचा पडदा फाटला आहे, पण वाहणं थांबलं तर भरून येईल, थोडं ऐकेल. किती ते सांगत नाही. पावसाळाभर सांगितलं तसं धुवायचं." मी विचारलं, "आधीच आणलं असतं तर?" त्या औषधाची पुडी बांधत राहिल्या.

घरी आल्यावर मी लोखंडी सब्बल घेऊन झरोका उघडला. भासरे अंगणातून म्हणाले, "काऊन फोडून राहिली भित?" मी आतूनच म्हटलं, "हवा पाहिजे." दोन महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. त्याने मला काही नवं वाटलं नाही. गिरजाला बोलवायचं झालं की मी मुसळाने जमिनीवर दोनदा ठोकते. ती आतल्या खोलीतून धावत येते. पण मुसळाला शब्द नसतात. कान धुताना ती माझ्या तोंडाकडे बघते आणि काय सांगावं ते न सुचून मी नुसता कान पुसत राहते.

काकूंचे पैसे हळूहळू दिले. मोहफुलांतून दोन रुपये, तेंदूपानांतून तीन, धानाच्या रोवणीतून एक. सातवा राहिला होता. तो दिवाळीनंतर, धान उपणून झाल्यावर हाती आला.

सकाळीच गेले. काकू ओसरीवर पाटा मांडून बसल्या होत्या. गिरजा अंगणाच्या पार कडेला, आमच्याकडे पाठ करून, कोंबडीच्या पिलांना कण्या टाकत होती. पाटा दगडी ओसरीवर होता आणि ती शेणाने सारवलेल्या मऊ मातीत बसली होती, वीस-पंचवीस पावलं लांब. हे मी मुद्दाम बघून ठेवलं होतं.

काकूंनी रुपया उचलला आणि पाट्यावर आपटला. खण्ण.

गिरजाचा हात थांबला. तिने मान वळवली. पण आमच्याकडे नाही. ती उजवीकडे चिंचेच्या झाडाकडे बघायला लागली. एकाच कानाने आवाज कुठून आला ते कळत नाही, हे मला डाक्टरीणबाईंनी सांगितलं होतं.

"तिकडं काय पाहून राहिली वो पोट्टी?" काकू म्हणाल्या.

"काकू," मी म्हटलं, "पुन्हा एकदा वाजवा."

"खरा हाय वो. एका बारीत समजते मले."

"तरी वाजवा."

काकूंनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग अंगणात बघितलं आणि मग रुपया जरा उंचावरून टाकला. गिरजा उठून उभी राहिली. चिंचेखाली कोणी नव्हतं. मग तिने मागे वळून आम्हाला शोधलं.

काकूंनी रुपया गाडग्यात टाकला आणि पदराने डोळे पुसले. सातही रुपये फिटले.